तुमचे प्रश्न : कर्नाळ्याच्या अंगठ्याखाली

मागच्या अंकात एका दिवसात होणाऱ्या सहलींबद्दल लिहिताना कर्नाळ्यावर मी जेमतेम तीन-चार ओळी खरडल्या होत्या, की किल्ला पनवेलजवळ आहे, भोवती पक्ष्यांचं अभयारण्य आहे, सकाळी निघालात तर दुपारी घरी येऊन आंघोळ करून झोपता येतं, जाऊन या. तर बाकीच्या ठिकाणांबद्दल कुणी काही विचारलं नाही आणि कर्नाळ्याबद्दल मात्र पत्रं, मेल, व्हॉट्सॲप सगळं धो धो. चूक माझीच आहे. माझं माहेर पनवेलचं, त्यामुळे घरातल्या माणसाची ओळख करून देताना आपण "हा आमचा धाकटा" एवढंच बोलून गप्प बसतो ना, तसं झालं. म्हणून या वेळी फक्त कर्नाळा.

प्रश्न : ताई, आम्ही डोंबिवलीचे. सासरे ६८ वर्षांचे, गुडघे थोडे कुरकुरतात पण घरी बसायला तयार नाहीत. मुलगा नऊ वर्षांचा. दोघांना घेऊन कर्नाळा होईल का? कधी जावं, गाडी न नेता कसं जावं?

मुलाची काळजीच करू नका, तो तुमच्या आधी वर पोचेल आणि वरून हाका मारेल. सासऱ्यांचं म्हणाल तर चढण्यापेक्षा उतरताना बघा, गुडघ्याचा खरा हिशोब उतरताना होतो. गडाची उंची दीड हजार फुटांच्या आतबाहेर, वाट सगळी जंगलातून आणि चांगली मळलेली, चुकण्यासारखी नाही. चालायची सवय असलेल्याला दीड-दोन तास, घरच्यांना घेऊन थांबत थांबत अडीच धरा. सुरुवातीचा चढ झाडीतला आणि दमवणारा आहे, तिथेच सगळे म्हणतात की बस झालं आता, पण तो संपून सोंडेवर आलं की वारा लागतो आणि माणूस परत माणसात येतो. मग करणाई देवीचं देऊळ लागतं. सासऱ्यांनी तिथे बसून तुमची वाट बघितली तरी त्यांची ट्रिप वाया जाणार नाही, पुढचा दरवाजापर्यंतचा टप्पा दगडी पायऱ्यांचा आणि उभा आहे, तो त्यांना त्या दिवशी कसं वाटतंय त्यावर ठरवा. काठी न्या. काठी आधी नको म्हणतील, उतरताना स्वतः मागतील.

गाडी नसेल तर पनवेल स्टेशनला उतरून एसटी स्टँडवर या, पेणच्या बाजूला जाणारी साधी गाडी पकडा आणि कंडक्टरला "कर्नाळा अभयारण्य" सांगा, पनवेलपासून १२ किलोमीटरच्या आसपास आहे. विनाथांबा गाडीत चुकून बसू नका, नाहीतर पेणला जाऊन गणपतीचे कारखाने बघून परत यावं लागेल. तेही काही वाईट नाही म्हणा.

ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत बेस्ट. मार्चनंतर दमट उकाड्यात ज्येष्ठांना नेऊ नका. पावसात वाट सुंदर पण निसरडी, तेव्हा फक्त सवयीच्या माणसांनी जावं.

प्रश्न : मी कॉलेजला आहे, आम्ही सहा मित्र येतोय. तो जो वरती सुळका आहे त्याच्यावर चढता येतं का? रील्समध्ये बघितलंय लोक टॉपवर उभे असतात.

नाही चढता येत. म्हणजे तुम्हाला नाही येत. जे टॉपवर दिसतात ते दोर, हार्नेस, हेल्मेट आणि कित्येक वर्षांचा सराव घेऊन गेलेले प्रस्तरारोहक असतात, तो साधारण १२५ फुटांचा उभा बसाल्टचा खांब आहे (लांबून अंगठ्यासारखा दिसतो, म्हणून आम्ही त्याला अंगठाच म्हणतो), त्याला ना पायऱ्या ना वाट. सहाजणांत एकजण "थोडंसंच चढून बघतो" म्हणणारा असतोच, तो कोण हे तुम्हाला आत्ता वाचतानाच कळलं असेल, त्याला हा अंक दाखवा.

प्रश्न : मागच्या महिन्यात तुमचं वाचून कर्नाळ्याला गेलो. स्पष्ट लिहितो, निराशा झाली. एवढं चढून वर काय तर पडक्या भिंती, एक-दोन दरवाजे, पाण्याची टाकी आणि तो दगड. राजवाडा नाही, तोफ नाही, माहितीचे धड फलक नाहीत. पंधरा मिनिटांत किल्ला बघून संपला. यात ऐतिहासिक काय आहे? – एक वाचक, ठाणे

काका, तुमचं पत्र वाचून आधी थोडा राग आला आणि मग हसू आलं, कारण सातवीत असताना मी बाबांना जवळजवळ याच शब्दांत बोलले होते. बाबा एसटीत कंडक्टर होते. ते काही इतिहासाचे अभ्यासक वगैरे नव्हते. त्यांनी काय केलं, मला सुळक्याला पाठ लावून बसवलं, हातात चिवड्याची पुडी दिली आणि खाली बोट दाखवून स्टॉप म्हणायला लागले, पळस्पे, शिरढोण, चिंचवण, कर्नाळा, तारा, खारपाडा, जिते, हमरापूर, पेण. तिकीट फाडताना म्हणायचे त्याच सुरात. आणि म्हणाले, आता सांग, पनवेलवरून पेणला जायचंय आणि माझी गाडी तुला दिसू द्यायची नाही, तर मी कुठून नेऊ? मी बराच वेळ बघितलं आणि मला जागाच सापडेना. डाव्या-उजव्या बाजूला डोंगर, मधे ही खिंड, आणि खिंडीच्या बरोब्बर डोक्यावर आम्ही चिवडा खात बसलेलो.

झालं, किल्ला कळला. तुम्ही पंधरा मिनिटं भिंती बघितल्यात, त्या भिंती बांधणारा माणूस दिवसभर खाली बघत होता. म्हणून तिथे राजवाडा नाही. राहायला, दरबार भरवायला ही जागाच नाही, इथे पहारा करायचा, पाणी प्यायचं आणि कोण येतंय ते सांगायचं. ती टाकी तुम्ही एका शब्दात उडवलीत, पण सुळक्याच्या पायाशी कातळ खोदून केलेली ती टाकी नसती तर वर शिबंदी, म्हणजे पहाऱ्याचे सैनिक, महिनाभरही टिकले नसते.

आता पुढच्या वेळी (जाणार आहात तुम्ही, मला माहितीये) असं करा. आधी पश्चिमेला तोंड करून बसा. हवा स्वच्छ असेल तर उरणच्या बाजूची सपाटी, खाड्या, आणि पलीकडे मुंबईच्या बंदराचं पाणी चमकताना दिसतं. हल्ली धुरक्यामुळे सकाळी लवकर किंवा पाऊस संपता संपताच हे नीट दिसतं, डिसेंबरच्या दुपारी नुसती राखाडी चादर. हे उलट बाजूनेही खरं आहे, म्हणजे बंदरातून हा अंगठा दिसतो. इंग्रजांनी तर या डोंगराला फनेल हिल, म्हणजे नरसाळ्याचा डोंगर, असं नावच देऊन टाकलं होतं. मग उत्तरेला वळा, पनवेल, त्याच्या उजवीकडे प्रबळगड, कलावंतीण, मागे माथेरान. पूर्वेला रसायनीकडची सपाटी आणि माणिकगड. दक्षिणेला पाताळगंगा, खारपाड्याचा पूल आणि पेणचा मुलूख.

आता यात व्यापार घाला. समुद्रातून आलेला माल खाडीतून पनवेल, आपटा अशा बंदरांना लागायचा, तिथून बैलांच्या पाठीवर बोरघाटाने वर देशावर. वरचा माल त्याच वाटेने खाली. म्हणजे बंदर आणि घाट यांच्या मधली जी सगळी ये-जा होती ती या डोंगरावरून दिसायची. आणि गंमत म्हणजे ते काहीच बदललेलं नाही, न्हावाशेव्याचे कंटेनर आजही त्याच सपाटीतून बोरघाटाकडे जातात, आणि खिंडीतून आता मुंबई-गोवा हायवे जातो, वरती गप्प बसलात तर ट्रकचे हॉर्न ऐकू येतात. ट्रेकर लोक त्या हॉर्नला शिव्या घालतात, मला मात्र तोच आवाज त्या गडावर सगळ्यात ऐतिहासिक वाटतो.

म्हणून तर यावर सगळ्यांचा डोळा. एक गोष्ट सांगते, १५४० ची. किल्ला होता गुजरातच्या सुलतानाच्या अमलात, तो घेतला अहमदनगरच्या निजामशहाने. सुलतानाने वसईच्या पोर्तुगीजांना मदतीला बोलावलं, त्यांनी माणसं पाठवून किल्ला परत जिंकून दिला, पण आपली शिबंदी तिथेच ठेवली. शेवटी कर्नाळा आणि पेणजवळचा सांकशी दोन्ही पोर्तुगीजांच्या हातात. निजामशहा चिडला, फौज पाठवली, जमलं नाही. आणि मग पोर्तुगीजांनी काय करावं, तर दोस्ती टिकावी म्हणून तेच दोन किल्ले वर्षाला ५००० सोन्याचे पर्दाव (त्या काळचं नाणं) घेऊन त्याच निजामशहाला देऊन टाकले! ज्याच्याविरुद्ध लढायला बोलावलं त्यालाच, ज्याने बोलावलं तो बघत राहिला. पनवेलच्या जमिनींचे व्यवहार बघत मोठी झालेय मी, मला यात नवल वाटलं नाही.

पुढे शिवाजी महाराजांनी किल्ला घेतला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात जे २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले त्यात कर्नाळा होता. १६७० मध्ये मराठ्यांनी तो परत जिंकला, आणि कसा, तर आडोशाच्या आघाड्या उभारत उभारत, एकेक टप्पा पुढे सरकत. हे वाचल्यापासून मी देवळाच्या पुढची ती शेवटची चढण चढताना दर वेळी मनात म्हणते की रिकाम्या हाताने, पाण्याची बाटली पाठीला लावून आपला जीव जातोय, आणि ही माणसं वरून मारा होत असताना आडोसा पुढे ढकलत आली. महाराजांनंतर परत मोगल, मग १७४० च्या सुमारास पेशव्यांकडे, आणि १८१८ मध्ये इंग्रजांच्या कर्नल प्रॉथरने घेतला. दरवाज्यांपाशी नीट बघितलंत तर एक मराठी आणि एक फारसी शिलालेख आहे, झिजलाय, तुम्ही बहुतेक त्यालाच टेकून फोटो काढला असेल.

प्रॉथर आला तेव्हा किल्लेदार होते अनंतराव फडके. हे कोण? तर वासुदेव बळवंत फडक्यांचे आजोबा. वासुदेव बळवंतांचा जन्म १८४५ चा, गाव शिरढोण, म्हणजे बाबांच्या यादीतला दुसरा स्टॉप. आजोबांचा गेलेला किल्ला घराच्या अंगणातून दिसतोय आणि पोरगं मोठं होतंय. त्या पोराने पुढे इंग्रजांविरुद्ध हत्यार उचललं आणि १८८३ मध्ये एडनच्या तुरुंगात त्याचा शेवट झाला. त्या अंगणातल्या दृश्याचा आणि पुढच्या बंडाचा संबंध जोडायचा की नाही ते तुम्ही ठरवा, मी जोडते. उतरल्यावर पनवेलला परतताना शिरढोणला त्यांचं स्मारक आहे, तिथे थांबा.

आणि पश्चिमेला बघताना चिरनेरसुद्धा त्याच अंगाला आहे, जिथे १९३० च्या जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला. एकाच जागी बसून मान फिरवायची आणि एवढं सगळं. फलक नाहीत याबद्दल मात्र तुम्ही बरोबर आहात. दिशा दाखवणारा एक साधा नकाशा वर लावला तर तुमच्यासारखी माणसं पंधरा मिनिटांत परत येणार नाहीत.

प्रश्न : आमच्या ग्रुपवर सुळक्याखाली मधमाश्यांनी हल्ला केला, तिघांना खूप चावल्या. आमच्याकडून काही चुकलं का? पुन्हा जायची भीती वाटते. – नेरूळ

आधी हे सांगा, सगळे बरे आहात ना आता? सुळक्यावर आग्यामोहोळं असतात, एक-दोन नाही, काळ्या लोंबत्या पिशव्यांसारखी कपारीतून लटकलेली दिसतात. ती कायमचीच आहेत, ते त्यांचं घर. चुकलं का म्हणाल तर तुम्ही पत्रात पुढे लिहिलंय की स्पीकर चालू होता आणि मुलांनी आरोळ्या देऊन प्रतिध्वनी ऐकला, तर मग हो, चुकलं. सुळक्याखाली आरडाओरडा नको, गाणी नकोत, विडी-सिगारेट आणि कसलाही धूर अजिबात नको, दगड मारणं तर डोक्यातही आणू नका, आणि उग्र वासाचा परफ्युम-डिओ लावून जाऊ नका. माझा भाचा एकदा असाच अर्धी बाटली डिओ फवारून आला होता, करणाईच्या देवळापाशी मी त्याला चक्क तोंड-मान धुवायला लावली, सगळ्यांसमोर, अजून बोलत नाही नीट.

त्या उठल्याच तर हात झटकत नाचू नका, चिरडलेली माशी बाकीच्यांना वासाने बोलावते. तोंड-डोकं ओढणीने, जॅकेटने, सॅकने, जे असेल त्याने झाका आणि सुळक्यापासून लांब, झाडीच्या दिशेने उतरायला लागा, पण पळू नका, तिथे कडे आहेत, माश्यांपेक्षा घसरून पडणं वाईट. काटे नखाने किंवा एटीएम कार्डाच्या कडेने लगेच खरवडून काढा. चावे खूप असतील, श्वास लागत असेल, ओठ-जीभ सुजत असेल, चक्कर येत असेल तर घरगुती उपाय करत बसू नका, लगेच हॉस्पिटल. चुना-हळद लावून दोन तास घालवलेली माणसं मी बघितली आहेत. ज्यांना आधीपासून ॲलर्जी माहीत आहे त्यांनी सुळक्यापर्यंत न जाता देवळापाशीच थांबावं, दृश्य तिथूनही छान आहे.

आणि परत जा. गुपचूप जा फक्त.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका, पेण. किल्ला बऱ्याच वेळा झालाय, आता पक्षी बघायचे आहेत. तिबोटी खंड्या खरंच दिसतो का? कधी यावं?

बाई, दिसतो, पण तो तुम्हाला हवा तेव्हा नाही, त्याला हवा तेव्हा. पावसाच्या तोंडाला, जूनच्या आसपास, तिबोटी इकडे येतो आणि ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बीळ खोदून घरटं करतो. जेमतेम चिमणीएवढा जीव, पोट पिवळं-नारिंगी, पाठीवर निळा-जांभळा रंग, चोच लालभडक, कुणीतरी लहान पोराने सगळे खडू वापरून काढल्यासारखा. पायाला तीनच बोटं म्हणून तिबोटी. आता तर आपल्या रायगडचा जिल्हा पक्षी आहे तो. पण पिल्लं भरवायच्या दिवसांत त्या दरडीसमोर लेन्सा रोखून माणसं तासन् तास उभी राहतात, आई-बाप चोचीत बेडूक-सरडा धरून लांब फांदीवर ताटकळत असतात आणि आत पिल्लं उपाशी, तेवढं कृपा करून करू नका. एक झलक मिळाली की पाय मागे घ्या.

थंडीत आलात तर गडावर चढूच नका, खालच्या हरियाल आणि मोरटाका या दोन निसर्गवाटांवर सकाळी हळूहळू फिरा. शेपटीला दोन लांब पिसं लटकवत उडणारा भृंगराज हमखास, तो दुसऱ्या पक्ष्यांचे आवाज इतके बेमालूम काढतो की तुम्ही भलत्याच झाडाकडे दुर्बीण लावून बसता. नशीब असेल तर स्वर्गीय नर्तक. कर्णा पक्षी (मलबार ट्रोगन) इथे दिसल्याच्या नोंदी आहेत, मला कधी दिसला नाही, तुम्हाला दिसला तर मला मेल करू नका, जळायला होतं. शीळकरी कस्तूर पावसात ओढ्याजवळ ऐका, कुणी नवशिका बासरी शिकतोय आणि रोज त्याच ओळीवर अडकतोय असं वाटतं.

प्रश्न : वरती खायला-प्यायला मिळतं का? प्लास्टिकच्या बाटल्या नेऊ देतात का? – दोन-तीन वाचकांचा मिळून

वर काही मिळत नाही आणि टाक्यातलं पाणी पिऊ नका. माणशी किमान दोन लिटर पाणी खालूनच न्या. गेटवर बॅग तपासतात, प्लास्टिकच्या बाटल्या मोजून त्यांचं डिपॉझिट घेतात, बाटली परत दाखवली की पैसे परत, त्यावरून वाद घालू नका. स्टीलची बाटली न्या, प्रश्नच मिटला. खाली उतरल्यावर वडापाव-चहा आहेच, पण डिसेंबर ते फेब्रुवारीत आलात आणि या भागात कुणी ओळखीचं असेल तर निर्लज्जपणे संध्याकाळच्या पोपटीचं आमंत्रण मागून घ्या. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, खाणाऱ्यांसाठी चिकन, आणि मडकं उपडं करून वरून जाळ. गडावर दमलेल्या माणसाला याच्यापुढे हॉटेलचं नाव काढावंसं वाटणार नाही.

प्रश्न : मी २२ वर्षं बहारीनला आहे, मूळ गाव पेण तालुक्यात. लहानपणी मुंबईहून सुट्टीला येताना एसटीच्या खिडकीतून तो अंगठा दिसला की आई म्हणायची, आलं गाव, चपला शोधा. पुढच्या मे महिन्यात मुलींना घेऊन येतोय. आता एवढे टॉवर, फ्लायओव्हर झालेत म्हणतात. अजून दिसतो का हो तो रस्त्यावरून?

दिसतो. पनवेलमध्ये बिल्डिंगांच्या मधून तुकड्या-तुकड्यात दिसतो, मधेच होर्डिंग आडवं येतं, पण पळस्पे फाटा सोडून शिरढोणच्या बाजूला लागलात की समोरच्या काचेतून बघायला सांगा मुलींना. मे महिन्यात झाडांची पानं गळालेली असतात, त्यामुळे डोंगर तपकिरी आणि अंगठा जास्तच उघडा. गडावर मात्र मेमध्ये चढवू नका त्यांना, ऊन मारून टाकेल. खिंड ओलांडली की तो मागच्या काचेत जातो, आणि खारपाड्याच्या पुलावर आलात की चपला शोधा.